आडात नसलं तरी पोहऱ्यात आणा

सुपर निन्टेन्डो या जुन्या गेम कन्सोलच्या गेममधलं संगीत जपून ठेवायचं मनावर घेतलंय ना? मग एसपीसी फाइलकडे ढुंकूनही बघू नका. जेमतेम ६६ केबीची ती. फॅमिली ग्रुपवरचं ‘शुभ सकाळ’ही तिच्याहून जड असतं! त्यात म्हणे सोनीच्या साउंड चिपची ६४ केबी मेमरी जशीच्या तशी उतरवलेली असते आणि प्लेयर ती चिप नव्याने चालवून सूर तिथल्या तिथे घडवतो. म्हणजे रेकॉर्डिंगच नाही. मग त्यात आपण बिघडवायचं तरी काय?

त्यापेक्षा यूट्यूब गाठा. तिथे आवाज एकदा दाबलेला आयताच मिळतो. तो १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये उतरवा, मग त्याच फाइलीचं ३२० करा. आकडा वाढला की दर्जा वाढलाच. एवढ्यावर समाधान मानू नका, शेवटी फ्लॅक नावाच्या फाइल-प्रकारात उतरवा. फ्लॅकमध्ये काहीच गमावलं जात नाही, हे अगदी खरं आहे. आधीच्या तिन्ही फेऱ्यांत झालेलं नुकसानसुद्धा त्यात जसंच्या तसं जपलं जातं.

फ्लॅक करताना मात्र हात आखडता घेऊ नका. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच हवं. मूळ चिप सेकंदाला आवाजाचे ३२,००० नमुनेच काढते, म्हणजे त्याच्या निम्म्याच्या, १६ किलोहर्ट्झच्या वर तिच्याकडे देण्यासारखं काही नाही. पण तुमच्या फाइलीत ९६ पर्यंत जागा असेल! स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या सुरांचं चित्र, उघडून बघा: खाली रंगांची एक पट्टी आणि वर पाच-षष्ठांश काळाकुट्ट अंधार. हा अंधार स्टुडिओ दर्जाचा आहे. न दाबता ठेवलात तर मिनिटाला ६९ एमबी भरतो.

त्या काळच्या संगीतकारांची मात्र कीव येते. सगळी वाद्यं त्याच ६४ केबीत कोंबायची, त्यासाठी दर १६ नमुने ९ बाइटमध्ये दाबायचे. एको हवा असेल तर १६ मिलिसेकंदांमागे २ केबी मोजायचे आणि मग त्यापायी कुठल्या वाद्याचा सॅम्पल (साठवलेला आवाजाचा तुकडा) आखडायचा, याचा हिशेब मांडायचा. बिचाऱ्यांकडे आवाजावर परिणाम चढवणारे प्लगइन नव्हते. तुमच्याकडे आहेत, तेव्हा वरून कॅथेड्रलभर रिव्हर्ब (घुमणारा आवाज) ओता. आवाज मऊ वाटला तर ट्रेबल चढवा, आणि लाटांचे शेंडे सपाट होईपर्यंत व्हॉल्यूम.

लूपचं फार मनावर घेऊ नका. धून पुन्हा सुरुवातीला जिथे सांधली जाते, त्याच्या जरा अलीकडेच कापा. रेकॉर्डिंग चालू असताना मेल आल्याचं ‘टिंग’ वाजलं तर राहू द्या, तेवढाच स्टिरिओचा भास.

आता फाइलीला ‘रीमास्टर्ड – अल्टिमेट’ असं नाव द्या, कलाकाराच्या रकान्यात स्वतःचं नाव घाला आणि ती ६६ केबीची भानगड डिलीट करा. डिस्क भरत आली असेल.