दहा विरुद्ध अकरा टायब्रेकर कुठल्या पुस्तकात आहे?

‘अहो, पोरांचा खेळ आहे, एवढं काय मनावर घ्यायचं!’ आज दुपारी पुण्यातल्या एका आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेत, सेमीफायनल संपल्यावर, संयोजकांनी हे वाक्य पालकांच्या तोंडावर फेकलं. चौदा वर्षांखालची मुलं, सामना १-१, मग टायब्रेकर, म्हणजे पेनल्टी शूटआऊट. एका संघाला रेड कार्ड मिळालेलं, म्हणून त्यांचे दहा, समोर अकरा. आणि रेफरीसाहेबांनी शूटआऊट तसाच, दहा विरुद्ध अकरा, सुरू केला.

ज्यांच्याकडे खेळाडू जास्त, त्यांनी संख्या समोरच्याइतकी खाली आणायची आणि कोणाला वगळलं त्याचं नाव आणि नंबर रेफरीला सांगायचा. फुटबॉलच्या नियम दहामध्ये हे स्वच्छ लिहिलंय. किक चालू असताना कोणाला रेड मिळालं तरी हेच.

‘एक जास्त असला तर बिघडलं कुठे, फायदाच की!’ असं म्हणणारे तिथेही होते. फायदा नाही हो, तोटा. संघातल्या सगळ्यांची एकेक किक झाल्याशिवाय त्यातल्या कोणालाही दुसरी मिळत नाही. दहा जणांच्या संघाची यादी आधी संपते, मग अकराव्या फेरीला त्यांचा सगळ्यात तगडा मुलगा परत येतो. अकरांच्या संघाकडून तेव्हा कोण उरलेला असतो? ज्याला कोचने मुद्दाम शेवटी ठेवलाय तो. आज दहा-दहा किकनंतर बरोबरी होती. अकरावा आला तो सामना संपायला पाच मिनिटं असताना बदली म्हणून उतरलेला मुलगा. त्याने बारवरून मारली. समोरून कॅप्टन दुसऱ्यांदा आला आणि कोपऱ्यात घालून मोकळा झाला. नियम पाळला असता तर कोचने बहुतेक त्याच मुलाला वगळलं असतं, आणि ती किक त्याच्या वाट्याला आलीच नसती.

बरं, रेफरी एकटा होता, लाइन्समन नव्हते, ऊन रणरणतं, मानधन किती मिळतं तेही सगळ्यांना माहीत आहे. मान्य. पण माणसं मोजायला लाइन्समन लागत नाही.

त्यात आधी पाच नावांची क्रमवार यादी लिहून मागितली. चौथ्या मुलाच्या पायात गोळा आला तर कोचला क्रम बदलू दिला नाही. कोणी सांगितलं हे? क्रम ठरवणं संघाचं काम. रेफरीला तो कळवायचाच नसतो, मैदानात असलेला आणि अजून किक न घेतलेला कोणीही पुढे येऊ शकतो. दुसरी फेरी लागली तर क्रम पुन्हा बदलता येतो. गोलीचीसुद्धा मैदानातल्या कोणत्याही पात्र खेळाडूशी अदलाबदल चालते. शेवटची शिट्टी झाल्यावर बाहेरून आणता येतो तो फक्त जखमी गोलीचा बदली. म्हणून तर २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये कोस्टारिकाविरुद्ध नेदरलँड्सने बदली गोली टिम क्रुलला शिट्टीच्या तोंडावर उतरवलं, नंतर नाही.

टॉस दोन असतात, एक नाही: पहिला कुठल्या गोलवर मारायचं यासाठी, दुसरा किक आधी की नंतर यासाठी. पुढे जाऊ.

आता प्रेक्षकांबद्दल, कारण तेही कमी नाहीत. ‘गोली हलला, गोली हलला!’ हलू दे की. किक मारतेवेळी एक पाय गोललाइनवर, तिच्या सरळ वर किंवा मागे असला की झालं. दोन्ही पाय पुढे आले आणि बॉल अडवला, तर किक परत. पहिल्यांदा ताकीद, पुन्हा केलं की पिवळं कार्ड. पण मारणाऱ्याने बॉल बाहेरच घालवला, तर गोलीच्या हालचालीचा त्याच्यावर स्पष्ट परिणाम झाला असेल तरच परत. सामन्यातलं पिवळं शूटआऊटमध्ये धरत नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये लीलविरुद्ध अॅस्टन व्हिलाचा गोली एमिलियानो मार्टिनेझला सामन्यात एक आणि शूटआऊटमध्ये एक मिळालं, तरी तो मैदानातच राहिला. आज एका काकांनी ‘दोन पिवळी, बाहेर काढा’ म्हणून केवढा दंगा केला! पोस्टला लागून, गोलीच्या पाठीवर आपटून बॉल आत गेला तर तो गोलच. १९८६ च्या वर्ल्ड कपमध्ये फ्रान्सच्या बेलोनचा ब्राझीलविरुद्ध असाच गेला.

किक मारताना बॉलला मारणाऱ्याचा पाय दोनदा लागण्याचा वाद मात्र खरोखर अवघड होता. मार्च २०२५ मध्ये रेआल माद्रिदविरुद्ध अॅटलेटिकोच्या हुलियन अल्वारेझचा गोल त्यापायी रद्द झाला. आता खुलासा झालाय: चुकून दोनदा लागला आणि गोल झाला तर किक परत, गोल झाला नाही तर चुकलेलीच धरायची.

आणि हे सगळं आपल्याकडेच बिघडतं असंही नाही. फेब्रुवारी २०२४, ढाका, मुलींची १९ वर्षांखालील सॅफ (दक्षिण आशियाई) स्पर्धेची फायनल, भारत विरुद्ध बांगलादेश. अकराच्या अकरा जणींनी दोन्हीकडून गोल मारले, ११-११. पुढे काय करायचं? परत पहिल्यापासून सुरू, निकाल लागेपर्यंत. तिथे चक्क नाणं उडवलं! भारत जिंकला म्हणून जाहीर केलं, राडा झाला, शेवटी दोघांना संयुक्त विजेतेपद. आपण जिंकलो होतो म्हणून ते बरोबर ठरत नाही. नाणेफेकीने निकाल लावायचा नाही म्हणून तर १९७० मध्ये ही पद्धत आणली.

तो अकरावा मुलगा नंतर बराच वेळ बॅगेत तोंड घालून बसला होता. रेफरी स्वतः जाऊन त्याच्याशी बोलला, हे मात्र सांगायला हवं. माणूस वाईट नाही. त्याच्या हातात नियमाचा एक छापील कागद द्यायला संयोजकांना काय झालं होतं? बॅनरला पैसे आहेत, झेरॉक्सला नाहीत?

फायनल पुढच्या रविवारी आहे. वेळ कमी म्हणून पाचऐवजी तीन किक ठेवायच्या तर ठेवा, पण सामन्याआधी दोन्ही कोचना लेखी द्या. किक न घेणाऱ्यांना सेंटर सर्कलमध्ये उभं करा. मारणाऱ्या संघाचा गोली पेनल्टी बॉक्सच्या बाहेर, त्याची रेघ गोललाइनला मिळते तिथे. आणि पेनल्टीचा ठिपका टेपने ११ मीटर मोजून मारा. आज बारा पावलं मोजली होती, तीही सगळ्यात उंच सरांनी.