सहा मिनिटांचा चुना

परवा रात्री साडेनऊला बोरीहून मावशीचा फोन आला. तिचा फोन त्या वेळी वाजला की कोणीतरी गेलं, असंच समजून मी उचलतो. "पुता, आयकलें मू तुवें?" तिनं दुपारी एक व्हॉइस नोट पाठवली होती आणि मी ती ऐकली नव्हती, एवढाच माझा गुन्हा. मग ऐकली. पूर्ण सहा मिनिटं. झोप उडाली, पण भीतीनं नाही.

बोलणारा माणूस कोण ते कळत नाही. प्रत्येक वाक्याआधी जत्रेतल्या नाटकातल्यासारखा थांबतो, मग आवाज खाली आणतो. विषय आपल्या गोव्यातल्या शिरोड्याचा खुनी महानंद नाईक. 'सोळा बायकांचे पुरावे त्यानं कसे गायब केले, पोलीस तुम्हाला सांगणार नाहीत' अशी सुरुवात. पुढे क्रमानं येतं ते असं: मृतदेह तो पडीक चिरेखाणीत न्यायचा, चुना टाकून वितळवायचा, उरलेलं जाळायचा, म्हणून एकही सापडला नाही. सोनं घरीच वितळवायचा. ओढण्या जुवारी नदीत सोडायचा. एक देवचार, म्हणजे गावाचा अदृश्य राखणदार, त्याच्या पाठीशी होता. 'बॉडी नाही तर खून नाही' हा कायदा त्याला पाठ होता, म्हणून कोर्टात सुटला. आणि शेवटी, त्या बायकाच हावऱ्या होत्या.

नव्या मुलांना माहीत नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. एप्रिल २००९ मध्ये फोंडा पोलिसांनी त्याला पकडलं. लग्नाचं आमिष दाखवायचं, दागिने घालून यायला सांगायचं, ओढणीनं गळा आवळायचा, सोनं विकायचं, हे १९९४ पासून चालू होतं असं तपासात पुढे आलं. सोळा खुनांची कबुली त्यानं दिल्याचं पोलिसांनी सांगितलं. काही खटल्यांत जन्मठेप झाली, बऱ्याच खटल्यांत सुटला.

मी वकील नाही. फोंड्यात वकिलांकडे वीस वर्षं टायपिंग केलंय, त्यामुळे कागद पाहिलेत. महानंदच्या खटल्याचं एकही पान माझ्या हातून गेलेलं नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

चुन्यापासून सुरू करू, कारण मावशी त्यालाच सगळ्यात जास्त घाबरली आहे. चुना मृतदेह वितळवत नाही. उलट वास दाबतो आणि कुजणं लांबवतो. हाडं तशीच राहतात. (मावशी स्वतः पन्नास वर्षं चुना लावून पान खाते आणि अजून सुपारी दातानं फोडते.) मग म्हणे उरलेलं जाळलं. हे सांगणाऱ्यानं आयुष्यात कधी अस्थी वेचलेल्या नाहीत, एवढं नक्की. माझे वडील गेले तेव्हा टेम्पोभर लाकूड लागलं. चिता संध्याकाळी पेटवली ती रात्रभर धगधगत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आणि मी राखेवर पाणी शिंपडून बसलो. भटजी सांगतील तसं एकेक उचलत गेलो. मणक्याचे तुकडे, मांडीच्या हाडाचा वीतभर भाग, दोन दात. राखेत हात घातला की बोटांना कळतं कुठलं कोळशाचं आणि कुठलं हाडाचं, कारण हाड हलकं लागतं आणि कडा टोचते. गाडगं भरलं तरी उरलं. सगळ्या गावाच्या समोर, भरपूर लाकूड घालून, रात्रभर जाळूनही हे उरतं. आणि हा बाबा म्हणतो एकट्या माणसानं चिरेखाणीत चोरून सोळा वेळा हे केलं, मागे काहीच राहिलं नाही, आणि आग कोणाला दिसली नाही. आमच्याकडे काजूच्या बागेत पाचोळा पेटवला तरी तीन वाड्यांवरून 'कोण पेटवता रे' अशी हाक येते.

खरं काय होतं ते या गोष्टीपेक्षा कितीतरी साधं आहे, आणि म्हणूनच कोणी फॉरवर्ड करत नाही. त्यानं काही गायब केलंच नाही. जिथे मारलं तिथे आडजागी टाकून तो निघून गेला. त्यांतल्या काही जणींचे मृतदेह तो पकडला जाण्याच्या कितीतरी आधी सापडलेले होते. अनैसर्गिक मृत्यू म्हणून नोंद झाली, ओळख पटली नाही, कागद बांधून ठेवला गेला.

तो कागद कसा असतो ते सांगतो. दुसऱ्या प्रकरणांतले मी टाइप केलेत. 'अनोळखी स्त्री, वय अंदाजे २५ ते ३०, बांधा सडपातळ, अंगावर पिवळसर सलवार-कमीज, दागिने: नाहीत.' शेवटचे ते दोन शब्द टाइप करताना बोट अडत नाही, कारण ओळ भरायचीच असते. आता दुसरा कागद घ्या, बेपत्ता असल्याच्या तक्रारीचा. 'घरातून जाताना अंगावर सोन्याची साखळी, कानात कुड्या, हातात दोन बांगड्या.' हा कागद दुसऱ्या पोलीस स्टेशनात असतो. दोन्ही एका टेबलावर आले असते तर शाळेतल्या पोरालाही प्रश्न पडला असता, की सोनं गेलं कुठे? ते एका टेबलावर आले नाहीत. देशातली पोलीस स्टेशनं संगणकानं जोडायच्या सीसीटीएनएस योजनेला केंद्रानं मंजुरी दिली तीसुद्धा २००९ सालीच.

आणि दुसरा कागद असतोच असंही नाही. वयात आलेली मुलगी दागिने घालून घरातून गेली आणि आली नाही, तर आपल्याकडे पहिला अंदाज काय असतो? पळाली. लग्न केलं असेल. बोभाटा नको. कित्येक घरांनी असंच समजून वाट पाहिली. घरी सांगू नकोस, एवढंच त्याला मुलीला सांगावं लागायचं. पुढचं काम आपल्या लाजेनं केलं. ह्याला चुना लागत नाही, देवचार तर नाहीच नाही. शेवटी तो सापडला तो एका बेपत्ता मुलीच्या तपासात, तिच्या मोबाइलच्या कॉल नोंदींवरून. इतका कसलेला पुरावेबाज फोनवर अडकतो?

म्हणूनच मला त्या नोटमधला सूर सहन होत नाही. मावशीची नात, कॉलेजात जाणारी, मागून म्हणत होती, "पण डोकं होतं हां त्याला." डोकं कसलं गं.

आता कायदा. 'बॉडी नाही तर खून नाही' हे मी कोर्टाच्या बाहेरच्या चहाच्या गाड्यावरही ऐकलंय, तेव्हा एकट्या व्हॉइस नोटला दोष देत नाही. पण हे चूक आहे, आणि आजचं नाही, चाळीस वर्षांहून जुनं चूक आहे. रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश, १९८१. सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरवायला मृतदेह सापडलाच पाहिजे असं बंधन नाही. जुन्या इंग्रजी न्यायाधीशांनी तसं म्हटलं होतं ते सावधगिरी म्हणून. तोच नियम धरून बसलो तर मृतदेह लपवणारा प्रत्येक जण सुटेल. खून झाला हे इतर पुराव्यांनी खात्रीनं सिद्ध झालं की पुरे. आमच्या सरांच्या टेबलावर हा निकाल इतक्यांदा उघडलाय की ते पान आपोआप उघडतं. शिवाय पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा आहेच: जुन्या दंडविधानात कलम २०१, आता न्याय संहितेत २३८. मूळ गुन्ह्याला फाशी असू शकत असेल तर याची सजा सात वर्षांपर्यंत.

मग तो बऱ्याच खटल्यांत सुटला कसा? मावशीचाही हाच प्रश्न: "त्यानंच कबूल केलं होतं ना?" केलं होतं, पोलिसांसमोर. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात पुरावा नसते. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष्य अधिनियमात २३ वं. नाहीतर मार देऊन कोणाकडूनही काहीही वदवून घेता येईल. त्या कबुलीतून एखादी वस्तू खरोखर हाती लागली, तर तेवढाच भाग चालतो. दहा-पंधरा वर्षांनी काय हाती लागणार? साक्षीदारांना आठवत नाही, बेवारस म्हणून विल्हेवाट लागलेल्या मृतदेहाची ओळख पटवायला काही शिल्लक नाही. पुरावा नष्ट झाला हे खरं, पण तो वर्षांनी केला. महानंदला ते श्रेय देऊ नका.

सोन्याबद्दल मात्र ती नोट अर्धी खरी आहे, नाइलाजानं मान्य करतो. वितळलेल्या सोन्याची ओळख पटत नाही. पण घरी मूस मांडून बसायची त्याला गरजच नव्हती. दागिने तो दुकानांत विकायचा. जुनी मोड घेतली की वितळवणं हा सोनार शेटांचा रोजचा धंदा. साखळी कोणाची, कुठून आणली, हे विचारलं गेलं असतं तर, असं मी लिहायला लागलो की आमच्या शेजारचे शेट रागावतात. रागावू देत.

ओढण्या आणि जुवारी: ओढणी हे हत्यार होतं ते तिच्याच अंगावरचं. ती नदीत टाकायला रोज बस पकडून जाणारा खुनी नाटकातच शोभतो. देवचाराबद्दल काही लिहीत नाही. राखणदार गावाच्या शिवेवर असतो, मावशी, खुन्याच्या रिक्षात बसत नाही.

राहिल्या त्या 'हावऱ्या बायका'. सोनं त्यांचं होतं. आईनं केलेलं, स्वतः काम करून एकेक ग्रॅम जोडलेलं. ते घालून त्या लग्नाला निघाल्या होत्या. हाव कोणाला सुटली होती?

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं, जरा जास्तच मोठ्या आवाजात. ती गप्प ऐकत होती. मग हळूच म्हणाली की तिनं ती नोट भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकली आहे आणि वहिनींच्या माहेरच्याही. मी म्हटलं, तिथून डिलीट कर, सगळ्यांसाठी. तिनं नातीला हाक मारली. नातीनं फोन घेतला, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मामा, ती सोमवारी टाकलीय. आता फक्त आपल्याकडूनच जाते."