एक तारा मिळालेल्या परीक्षणाला उत्तर: गंजलेले चिलखत आणि आमचा शनिवारचा वर्ग

सप्रेम नमस्कार.

नेटहॅक या संगणकीय खेळाच्या आमच्या शनिवारच्या वर्गाला एकच तारा देऊन आपण लिहिलेले परीक्षण मी दोनदा वाचले. तीन तास जपून वाढवलेल्या व्हॅल्किरीचे (खेळातल्या आपल्या योद्धा-पात्राचे) प्लेट मेल हे जड लोखंडी चिलखत, शिरस्त्राण आणि तलवार एका रस्ट मॉन्स्टरने, म्हणजे लोखंड गंजवणाऱ्या प्राण्याने, काही चालींत गंजवून निकामी केली, आमचा साहाय्यक मागे उभा राहून हसत होता, हा प्राणी म्हणजे प्रोग्रॅममधली चूक आहे आणि म्हणून 300 रुपये परत मिळावेत, असे आपले म्हणणे आहे. साहाय्यकाविषयीची तक्रार पूर्णपणे खरी आहे. प्राण्याविषयीची मला मान्य नाही, आणि ती का नाही हे थोडे सविस्तर लिहितो, कारण आपले परीक्षण वाचून या खेळाकडे पाठ फिरवणारे इतरही असतील.

आपण रागाच्या भरात एक निरीक्षण फार अचूक नोंदवले आहे: त्या संपूर्ण झटापटीत व्हॅल्किरीचा एकही प्राणबिंदू कमी झाला नाही. आपल्याला तो दोष वाटला, पण या प्राण्याची रचनाच तशी आहे. त्याच्या दोन्ही स्पर्शांनी शरीराला शून्य इजा होते. त्याला फक्त लोखंड कळते. अंगावर लोखंड जितके जास्त तितके त्याचे भय जास्त, आणि साध्या कापडी झग्यातल्या जादूगारासमोर तोच प्राणी जवळजवळ निरुपद्रवी. एरवी जड चिलखत घालून बेफिकीर फिरणाऱ्या योद्ध्याला थांबून विचार करायला लावणारे या खेळात फार थोडे आहे, त्यात हा एक. चूक म्हणाल तर ही कल्पना नेटहॅकहून जुनी आहे. नेटहॅक 1987 सालचा. त्याआधी 1980 च्या सुमारास आलेल्या ‘रोग’ (Rogue) या संगणकीय खेळामध्ये ॲक्वेटर नावाचा प्राणी हेच करत असे, आणि चामड्याचे चिलखत त्यातून वाचत असे. त्याही मागे गेल्यास डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाच्या 1975 मधील पुरवणीत हा प्राणी सापडतो, आणि त्या खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांनी तो एका स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यावरून घडवला होता.

‘निकामी’ या शब्दाबद्दलही थोडे बोलू द्या. गंज तीन पायऱ्यांनी चढतो आणि प्रत्येक पायरीला चिलखताचा संरक्षणाचा एक गुण जातो; त्यापुढे रस्ट मॉन्स्टर कितीही वेळ चिकटला तरी अंगावरचे चिलखत नाहीसे होत नाही. प्लेट मेलचे गुण मुळात 7, म्हणजे पूर्ण गंजल्यावरही 4 उरतात, आणि नव्याकोऱ्या स्केल मेल या हलक्या चिलखताचे गुणही 4 च असतात. तलवार मात्र त्याने स्पर्श केल्यामुळे गंजली नाही, आपण तिने त्याच्यावर वार केल्यामुळे गंजली. त्याच्या अंगावर लोखंडी हत्याराचा घाव बसला की हत्यारालाच किंमत मोजावी लागते, आणि हे आपल्याला त्या वेळी कोणीतरी सांगायला हवे होते.

इथेच आमची चूक आहे, आणि ती हसण्यापुरती नाही. नवख्यांना आम्ही जो छापील कागद देतो त्यात ‘सापडेल ते सर्वांत जड चिलखत घाला’ असे लिहिले होते, ते चिलखत कोणत्या धातूचे वा पदार्थाचे आहे हे पाहण्याचा उल्लेखही नव्हता. आपण आमचे ऐकले म्हणून आपले नुकसान झाले. पडद्यावर तपकिरी ‘आर’ हे अक्षर दिसले की अर्धविरामाची कळ दाबून तो कोण हे विचारून घ्यावे (निळा ‘आर’ निघाल्यास तो डिसएन्चांटर, जो गंज न चढवता वस्तूवरची जादू उतरवतो), हे त्या कागदात नव्हते. पळून सुटका नाही, कारण त्याचा वेग 18 आणि आपला 12. प्लेट मेल उतरवायलाही पाच चाली लागतात, म्हणजे तो अंगाशी आल्यावर उतरवायला घेणे व्यर्थ. खरा उपाय लाजिरवाणा वाटावा इतका स्वस्त आहे: चिलखतावर कापडी झगा. धडावर येणारा स्पर्श आधी झग्यावर पडतो आणि कापड गंजत नाही. शिरस्त्राणाला मात्र हे संरक्षण नाही. चिलखत उतरवलेच तर ते आपल्या सामानातच ठेवावे, जमिनीवर टाकू नये. मी एकदा टाकले होते आणि त्या प्राण्याने ते माझ्यासमोर खाऊन टाकले; गंजणारे धातू हेच त्याचे अन्न आहे, हे मला तोवर माहीत नव्हते.

जुनी जतन केलेली फाइल पुन्हा उघडू न दिल्याबद्दलही आपण आम्हाला दोष दिला आहे. तो निर्णय आमचा नाही. खेळ पुन्हा सुरू होताच ती फाइल पुसली जाते, आणि तिच्या प्रती काढून ठेवायच्या असतील तर मग हा खेळ निवडण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

300 रुपये आपल्याला परत केले जातील. चिलखत गंजले म्हणून नव्हे. आम्ही शुल्क शिकवण्याचे घेतो आणि नेमक्या त्या घटकेला आमचा माणूस शिकवायचे सोडून हसत होता, म्हणून. त्याच्याशी माझे बोलणे झाले आहे, त्याच्या वतीने मी आपली क्षमा मागतो, आणि छापील कागदातले ते वाक्य काढून तिथे झग्याचा उल्लेख घातला आहे.

आपण उठून गेल्यावर साहाय्यकाने आपला खेळ जतन करून ठेवला, एवढे तरी त्याने नीट केले. चौथ्या संगणकावर आपली व्हॅल्किरी गंजलेल्या चिलखतासह जिवंत आहे आणि तिच्या सामानात दोन अनोळखी स्क्रोल (वाचल्यावर जादू करणाऱ्या गुंडाळ्या) आहेत. त्यांपैकी एखादा एन्चांट आर्मर, म्हणजे चिलखतावर जादू चढवणारा, निघाला, तर तो नुसता वाचू नका; दारूच्या कुपीने किंवा अन्य कशाने गोंधळलेल्या अवस्थेत, अंगावर फक्त प्लेट मेल ठेवून वाचा. स्क्रोल शापित नसेल तर सगळा गंज उतरतो आणि पुन्हा चढत नाही. पुढचे दोन शनिवार तो संगणक मी दुसऱ्या कोणाला देणार नाही.