‘अवकाश कुणाचंच नाही, मग परवाना कशाला?’ : एका फिरत्या दाव्याला उत्तर

नव्या खासगी अवकाश उद्योगांवर सरकारने देखरेख कशी ठेवावी, यासाठी अमेरिकेत हरकती-सूचना मागवल्या की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: अवकाश कुणाच्या मालकीचं नाही, म्हणून तिथे कुठल्याच सरकारचा परवाना चालत नाही. पैसा कंपनीचा, धोकाही कंपनीचाच. रॉकेट उडवायला परवानगी मिळाली की सरकारचं काम संपलं. आणि लोकांकडून सूचना मागवणं हा निव्वळ देखावा आहे.

पहिले दोन मुद्दे साफ चुकीचे आहेत. उरलेल्या दोघांत थोडं तथ्य आहे आणि त्यामुळेच ते जास्त दिशाभूल करतात.

‘मालकी नाही, म्हणून परवाना नाही’

1967 च्या बाह्य अवकाश कराराच्या दुसऱ्या कलमानुसार कोणत्याही देशाला चंद्रावर, ग्रहांवर किंवा अवकाशाच्या कुठल्याही भागावर मालकी सांगता येत नाही. मजकूर लिहिणारा इथेच थांबतो. सहावं कलम सांगतं की आपल्या खासगी संस्था अवकाशात जे करतील त्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी त्या त्या देशावर आहे, आणि अशा कामाला त्या देशाची परवानगी व सततची देखरेख लागते. खोल समुद्रही कुणाच्या मालकीचा नसतो, पण तिथलं प्रत्येक जहाज कुठल्या ना कुठल्या देशाच्या झेंड्याखाली चालतं. तसंच हे.

जानेवारी 2018 मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेल्या पीएसएलव्ही-सी40 वर स्वॉर्म या अमेरिकी कंपनीचे चार चिमुकले उपग्रह होते. प्रत्येक 10 बाय 10 बाय 2.8 सेंटिमीटर. इतकी पातळ वस्तू जमिनीवरून खात्रीने टिपता येईल का, या शंकेमुळे अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, परवानगी नाकारली होती. उपग्रह तरीही गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीला 9 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. रॉकेट भारतीय होतं, प्रक्षेपण अमेरिकेबाहेरून झालं होतं, तरी कंपनी अमेरिकी नियमांतून सुटली नाही. त्या उपग्रहांमुळे नुकसान झालं असतं तर ‘प्रक्षेपण करणारं राष्ट्र’ म्हणून भारतही अडकला असता.

‘पैसा त्यांचा, धोकाही त्यांचाच’

1972 च्या दायित्व करारानुसार अवकाशातली वस्तू जमिनीवर पडून किंवा उडत्या विमानावर आदळून नुकसान झालं, तर चूक कुणाची हे न पाहता प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्राने भरपाई द्यायची असते. कंपनीने नव्हे, राष्ट्राने. 1978 मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टीवर चालणारा उपग्रह कॉसमॉस 954 कॅनडात कोसळला. 1981 मध्ये 30 लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली आणि ती दोन सरकारांमध्ये झाली.

अमेरिकेतल्या देशांतर्गत कायद्यातही धोका पूर्णपणे कंपनीचा नाही. परवानाधारकाला तिऱ्हाइताच्या नुकसानीसाठी विमा घ्यावा लागतो, पण त्याची कमाल मर्यादा 50 कोटी डॉलर आहे. त्यापुढचा दावा एका ठरावीक मर्यादेपर्यंत, संसदेच्या मंजुरीने, सरकार उचलतं. म्हणजे करदाते उचलतात. ज्यांच्या खिशातून पैसे जाऊ शकतात त्यांना विचारणं हे कंपनीवर उपकार नाहीत आणि अन्याय तर नाहीच.

कक्षेतलं नुकसान आणखी वेगळं. 10 फेब्रुवारी 2009 ला इरिडियम 33 आणि निकामी कॉसमॉस 2251 हे दोन उपग्रह सुमारे 790 किलोमीटर उंचीवर आदळले. टिपता येतील असे दोन हजारांहून जास्त तुकडे झाले. त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की तुकडे खाली यायला दशकं लागतात, आणि त्यांना चुकवण्यासाठी इंधन जाळतात दुसऱ्यांचे उपग्रह.

‘रॉकेटला परवानगी दिली की झालं’

अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन, म्हणजे एफएए, प्रक्षेपण आणि पुनःप्रवेश, म्हणजे वातावरणात परत शिरणं, पाहतं. उड्डाणामुळे जमिनीवरच्या लोकांना होणारा एकूण अपेक्षित धोका दहा हजारात एका मृत्यू किंवा गंभीर दुखापतीपेक्षा जास्त नसावा, ही तिथली कसोटी. एफसीसी रेडिओ लहरी आणि कक्षेतला कचरा पाहतं. पृथ्वीची प्रतिमा घेऊ शकणाऱ्या कॅमेऱ्याला नोआचा, म्हणजे अमेरिकेच्या महासागर व वातावरण प्रशासनाचा, परवाना लागतो. मार्च 2018 मध्ये एका फाल्कन 9 रॉकेटच्या उड्डाणाचं थेट चित्रप्रसारण मध्येच थांबवावं लागलं, कारण वरच्या टप्प्यावरच्या कॅमेऱ्यावर नोआची अट होती.

उपग्रह सोडल्यानंतरची जबाबदारी किती लांबते हे एकोस्टार-7 ने दाखवलं. आयुष्य संपल्यावर हा उपग्रह भूस्थिर कक्षेच्या 300 किलोमीटर वर नेऊन ठेवू, असं डिश या कंपनीने कळवलं होतं. इंधन कमी पडलं आणि तो जेमतेम 122 किलोमीटर वर गेला. 2023 मध्ये कंपनीला दीड लाख डॉलर भरावे लागले. वजनरहित अवस्थेत टाकीतलं इंधन तळाशी बसत नाही, त्यामुळे गाडीसारखा काटा पाहून भागत नाही. आजवर इंजिनं किती वेळ चालली यावरून हिशेब मांडावा लागतो आणि शेवटच्या काही किलोंत तो चुकतो. म्हणून राखीव साठा किती ठेवणार, हा प्रश्न परवाना देतानाच विचारायचा असतो.

आता तथ्याचा भाग. या तीन खात्यांच्या मध्ये खरंच एक रिकामी जागा आहे. एका उपग्रहाने दुसऱ्याला जाऊन पकडणं, इंधन भरणं, कक्षेत वस्तू बनवणं, खासगी स्थानक चालवणं, या कामांना अथपासून इतिपर्यंत मंजुरी देणारं एक खातं नाही. अवकाशात औषधं बनवू पाहणाऱ्या वार्डा कंपनीची कुपी (कॅप्सूल) जून 2023 मध्ये वर गेली तेव्हा तिच्याकडे परत उतरण्याचा परवाना नव्हता. सप्टेंबरमध्ये अर्ज नाकारला गेला आणि कुपी फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात उतरली. पुढे एफएएने स्पष्ट केलं, पुनःप्रवेशाचा परवाना हाती असल्याशिवाय अशी कुपी वर पाठवू देणार नाही. ही रिकामी जागा कशी भरायची, यावर 2023 च्या अखेरीस व्हाइट हाउसने एक प्रस्ताव मांडला, आणि ऑगस्ट 2025 च्या अध्यक्षीय आदेशाने हे काम वाणिज्य खात्याकडे दिलं. लोकांची मतं मागवायची ती नेमकी याच बाबतीत.

‘सूचना मागवणं हा देखावा’

1946 च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार नियमाचा मसुदा आधी राजपत्रात छापावा लागतो, मतं घ्यावी लागतात आणि महत्त्वाच्या आक्षेपांना अंतिम नियमात उत्तर द्यावं लागतं. ते टाळलं तर न्यायालय नियम रद्द करू शकतं.

मे 2019 मध्ये नोआने दूरसंवेदनाच्या, म्हणजे अवकाशातून पृथ्वीची प्रतिमा घेण्याच्या, परवान्यांचा मसुदा काढला. त्यात यंत्रणा कमी आणि जास्त जोखमीच्या अशा दोन गटांत टाकल्या होत्या. हरकती आल्या: तीच प्रतिमा परदेशी कंपनी उघड विकत असेल, तर आपल्या कंपनीला अडवून कुणाचं रक्षण होणार? मे 2020 चा अंतिम नियम बदललेल्या पायावर आला. तशीच प्रतिमा इतरांकडून मिळते का, यावर तीन श्रेण्या ठरल्या, आणि परदेशातूनही मिळत असेल तर अटी कमीत कमी. एप्रिल 2020 मध्ये एफसीसीनेही कचऱ्याच्या नियमांतली ‘कंपनीने सरकारला भरपाईची हमी द्यावी’ ही तरतूद विरोधानंतर बाजूला काढून पुढच्या चर्चेसाठी ठेवली.

तथ्य इतकंच की हे मतदान नाही. एकाच छापाचे हजारो संदेश मिळून एकच मुद्दा होतो. 2017 मध्ये इंटरनेट समानतेच्या (नेट न्यूट्रॅलिटी) प्रश्नावर एफसीसीकडे सुमारे 2 कोटी 20 लाख मतं आली. त्यातली जवळपास 1 कोटी 80 लाख बनावट होती, असं न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या चौकशीत 2021 मध्ये निघालं.

म्हणून ‘लहान कंपन्यांना त्रास देऊ नका’ एवढंच लिहून पाठवू नका. असं लिहा: ‘प्रश्न 4 संदर्भात: 4 किलोचा, इंजिन नसलेला उपग्रह 600 किलोमीटरवर सोडला तर 5 वर्षांत तो आपोआप खाली येईल याची खात्री देता येत नाही, सौर चक्र मंद असेल, म्हणजे सूर्य शांत असून वरची हवा आणखी विरळ असेल, तर जास्त काळ राहतो. त्यामुळे ही 5 वर्षांची मर्यादा काम संपल्यापासून मोजायची की प्रक्षेपणापासून, हे नियमात लिहावं. सुचवलेली शब्दरचना अशी...’ पहिल्याला उत्तर देणं बंधनकारक ठरत नाही, दुसरं टाळता येत नाही.

आधी कागद कोणत्या टप्प्यावरचा आहे ते पाहा. नुसती माहिती मागवली असेल तर व्याख्या अजून उघड्या असतात. ‘नवीन उपक्रम’, म्हणजे वरच्या रिकाम्या जागेतली कामं, यात काय काय येतं यावर तेव्हाच लिहावं. मसुदा निघाला असेल तर कलमाचा आकडा देऊन बोलावं. मुदत बहुधा 30 ते 60 दिवसांची असते, आणि उशिरा आलेलं मत विचारात घ्यायला खातं बांधील नसतं. वरती फाइल क्रमांक, मग प्रश्न क्रमांक, मग आकडा आणि तो कसा काढला ते. कंपनीची गोपनीय माहिती असेल तर तिची वेगळी प्रत, सूचनेत सांगितलेल्या पद्धतीनेच पाठवावी, कारण मुख्य पत्र जसंच्या तसं सर्वांसाठी खुलं होतं आणि एकदा खुलं झालं की परत घेता येत नाही.