लोकेशन पाठव म्हणणाऱ्यांसाठी

परवा मालवणजवळच्या तोंडवळीच्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) गरवलेल्या, म्हणजे गळाने पकडलेल्या, चार मुडदुशांचा (लेडीफिश) फोटो टाकला आणि रात्रीपर्यंत इनबॉक्समध्ये एकच मागणी : "दादा, लोकेशन पाठव." दोघा-तिघांनी तर आधी नमस्कार घालायचेही कष्ट घेतले नव्हते.

लोकेशन मी पाठवत नाही. भाव खातोय असं वाटत असेल तर वाटू दे, पण ते पाठवून तुमचीच एक सुट्टी फुकट जाईल. पावसाळ्यात समुद्र पुळण खातो. जून ते सप्टेंबर मोठ्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेऊन टाकतात, आणि दिवाळीच्या आसपास समुद्र निवळला की तीच वाळू हळूहळू परत यायला लागते. परत येताना ती जुन्याच जागी बसेल असं तिने कुणाला लिहून दिलेलं नसतं. गेल्या वर्षी ज्या वाकड्या माडासमोर दुसऱ्या लाटेआड कमरेपेक्षा खोल चर होता, तिथे यंदा म्हैस धुवावी इतकं उथळ सपाट आहे. फोनवरचा ठिपका मात्र अजून त्या माडासमोरच उभा!

तेव्हा जागा शोधायला जाताना गरी घरी ठेवा. खरंच. पहिल्या फेरीला हातात काठी असली की माणूस पाण्याकडेच बघत बसतो आणि बघायचं ते राहून जातं. मी स्वतः दोन वर्षं तेच केलं. शेवटी आमच्या वाडीतल्या एका आजोंनी हाक मारली, "रे झिला, पाणी काय बघतंस? खाली रेव बघ." मग त्यांच्यासोबत ओहोटीला तासभर चाललो. त्या एका तासात मला जे समजलं, ते त्याआधीच्या दोन वर्षांत आणि तेवढ्याच यूट्यूबमध्ये समजलं नव्हतं.

जायचं ते पूर्ण ओहोटीला, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत सुकतीला. वेळ काढायला ॲप लागत नाही, कालनिर्णय पुरतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी सुकती. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. गावागणिक अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, पण शोधायला जाणाऱ्याला तेवढं चालतं. यातली खरी मजा अशी की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात जास्त मागे सरतं, आणि ते नेमकं संध्याकाळी पाचच्या पुढे-मागे. उजेड आहे, ऊन उतरलंय आणि समुद्राने आपलं पोट उघडं टाकलंय. मुंबईकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, आमच्या मालवण भागात त्याच्या निम्म्याच्या आसपास. तरी चर दिसायला ते पुष्कळ होतं.

बघायचं काय? किनाऱ्याला समांतर जाणारा खोलगट पट्टा आणि त्याच्या पलीकडे वाळूचा दांडा. दांड्यावर लाट फुटते, पांढरी होते. चालता चालता एके ठिकाणी लाट फुटतच नाही, पाणी गडद दिसतं आणि फेस उलटा समुद्राकडे चाललेला दिसतो. तिथे दांड्याला खिंडार आहे. मासा आत यायचा रस्ता तो, आणि माणसाला आत ओढून नेणारी ओढही तिथलीच. त्या खिंडाराच्या बाजूला, पाय कोरड्यात ठेवून उभं राहायचं. समोर नाही. पायाखालची वाळूही सांगते : जाड, पाय रुतणारी वाळू आणि एकदम उतार असेल तर पाणी जवळच खोल. बारीक, पिठासारखी वाळू असेल तर लांबपर्यंत उथळ. पावलाने जरा उकरलं आणि छोटे मुळे (शिंपले) किंवा कुर्ल्यांची पिल्लं निघाली, तर भरती चढताना मासा तिथे चरायला येणारच. त्याचं ताट तिथे मांडलेलं आहे.

ही जागा डोक्यात ठेवायची. दुसऱ्या दिवशी सुकती उलटून पाणी चढायला लागलं की पहिले दोन-तीन तास गरवायचं.

आता एक गोष्ट मी जरा रागानेच लिहितो. पुण्या-मुंबईहून बारा फुटी काठ्या घेऊन येणारी मंडळी सगळा जोर लावून शिसं जेवढं लांब जाईल तेवढं फेकतात. मुडदुसा पहिल्या लाटेच्या आड, वीस-तीस पावलांवर, वाळूला नाक लावून हिंडत असतो. तुम्ही त्याच्या डोक्यावरून फेकताय! शेजारी आमचा माणूस प्लास्टिकच्या बाटलीला तंगूस (नायलॉनचा दोरा) गुंडाळून आलेला असतो. सुंगटाचा (कोळंबीचा) छोटा तुकडा, लहान गळ, एवढंसं शिसं. डोक्याभोवती दोन गिरक्या घेऊन टाकतो, तंगूस तर्जनीवर धरतो आणि बोटाला टकटक झाली की मनगटाने हिसका देतो. संध्याकाळच्या कालवणापुरते मिळाले की उठून चालू लागतो. काठी वाईट नाही, माझ्याकडेही आहे. पण अंतर हा पराक्रम नाही.

मोठ्या माशाची हौस असेल तर तळाशीलच्या टोकाला जा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. पाणी उतरताना नदीतून कोळंबी, बारकी मासळी बाहेर येते आणि चणक, तांबोशी तोंडाशी टपून बसतात. हे नाव मी उघड सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. फक्त त्या पाण्यात उतरू नका. उतरत्या पाण्याची ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ऐकत नाही. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्यापेक्षा घसटत न्या, म्हणजे वाळूत दबलेली वागळी (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच पळते. शिंगाळा गळाला लागला तर काटा सांभाळा. टोचलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. मी हे अनुभवाने लिहितोय, तपशील नको.

रापण (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं) लागली असेल तर त्या पट्ट्यात गरी टाकायची नाही, हे सांगावं लागतं यातच सगळं आलं. दोरी ओढायला हात लावा. कुणी ना कुणी वाट्यातले चार मासे हातावर ठेवतं, आणि जागांची माहिती तिथे जेवढी मिळते तेवढी कुठेच नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, काठी काढूच नका. १९८७ पासून ते अभयारण्य आहे.

राहता राहिली वाट. खरं तर मला आज यावरच लिहायचं होतं. चांगल्या जागा गाडीरस्त्याच्या शेवटी नसतात. तिथे भेळ असते. जागा असते दोन दगडी गडग्यांमधून, कुणाच्या तरी माडाखालून, सुरूच्या बनातून जाणाऱ्या पाऊलवाटेच्या टोकाला. गेल्या वर्षी अशा एका वाटेवर तारेचं कुंपण दिसलं. जमीन विकली गेली होती. आतला पोरगा म्हणाला, "काका, प्रायव्हेट बीच आहे." पोरगा बिचारा पगारी, त्याच्याशी काय भांडणार.

पण प्रायव्हेट बीच नावाची चीज आपल्याकडे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम २० वाचा : भरतीरेषेखालचा समुद्राचा आणि खाड्यांचा तळ सरकारी मालकीचा आहे. सुकतीला उघडी पडणारी वाळू त्यातच येते. माडाखालची जमीन मात्र खाजगी असू शकते, आणि घोळ तिथेच आहे. वाळू आपली, पण तिथवर पोचायचं कसं? म्हणून जायच्या आधी गाव नकाशा बघा, त्यात सार्वजनिक वाट दाखवलेली असेल तर प्रश्नच नाही. दाखवलेली नसेल तर घरात हाक मारून विचारा. आजवर मला "जाऊ नको" असं एकाही जुन्या घराने म्हटलेलं नाही. "मासो गावलो तर दाखव" एवढंच म्हणतात.

त्या कुंपणाच्या पलीकडे थोड्या अंतरावर दुसरी वाट सापडली. तिथे बेडा, म्हणजे साधं फाटक आहे, तीन आडव्या वाशांचं. मधला वासा जरा तिरका ओढला की निघतो. गेल्यावर तिन्ही वासे परत लावायचे, नाहीतर गुरं आत शिरतात आणि त्या घरची म्हातारी आपल्याला नाव ठेवत नाही, सगळ्या गरवणाऱ्यांना ठेवते. मागच्या आठवड्यात कुणीतरी उघडा टाकून गेलं होतं. तिने मला अंगणातून विचारलं, "तूच काय रे तो?" मी नव्हतो, पण वासे मीच लावले.