एमसीबी मोठा बसवा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

धाकट्या भावाचा विजेच्या सामानाचा व्यापार आहे. परवा त्याने एक मेसेज मला पुढे पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, 32 चे एमसीबी जास्त भरून ठेवू का? गिऱ्हाईकं मागायला लागलीत." एमसीबी म्हणजे प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, आणि 32 हा त्याचा ॲम्पियरमधला आकडा. हाच मेसेज मी आधी तीन ग्रुपवर पाहून सोडून दिला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

मेसेज थोडक्यात असा: जगात विजेची मागणी भडकली आहे आणि सगळी वाढीव वीज एआयची डेटा सेंटर खातात. ट्रान्सफॉर्मरचा तुटवडा कंपन्यांनी मुद्दाम केलाय. तांबं संपत आलंय, तेव्हा आत्ताच माल भरा, नाहीतर तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर घ्या, दोन्ही सारखंच. मागणी वाढल्याने एमसीबी सारखा पडत असेल, तर मोठा बसवा. बिल कमी करायला प्लगमध्ये पॉवर सेव्हर लावा.

एमसीबीचंच आधी घेतो, कारण बाकीच्या मुद्द्यांत पैसे जातील, यात माणसं जातील.

एमसीबी तुमच्या एसीसाठी किंवा गीझरसाठी नसतो. तो भिंतीतल्या वायरसाठी असतो. कंड्यूटमधून, म्हणजे भिंतीतल्या पाइपातून गेलेली अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर साधारण 20 ते 24 ॲम्पियर सोसते. एकाच पाइपात चार-पाच वायरी कोंबल्या असतील किंवा उकाडा असेल, तर त्याहूनही कमी. म्हणून तिच्यावर 16 चा किंवा फार तर 20 चा एमसीबी असतो. आता तिथे 32 चा लावला तर काय होतं? आयईसी 60898 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एमसीबीने आपल्या आकड्याच्या 1.13 पट प्रवाह तासभर न पडता सोसायचा असतो. म्हणजे 32 चा एमसीबी 36 ॲम्पियर तासभर जाऊ देणार, आणि त्यात त्याचा काहीच दोष नाही. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 24 सोसणाऱ्या वायरमधून 36 गेले की उष्णता सव्वादोन पट होते. साध्या पीव्हीसीचं आवरण 70 अंशांपर्यंतचं. ते आधी कडक होतं, मग तडकतं, आणि हे सगळं प्लास्टरच्या आत चालतं. बाहेर दिव्याची उघडझापसुद्धा दिसत नाही. पडणारा एमसीबी तुम्हाला काहीतरी सांगत असतो. मोठा बसवणं म्हणजे त्याचं तोंड दाबणं.

यात अर्धं खरं आहे, तेही सांगतो. मागणी वाढून व्होल्टेज खाली आलं, तर एसीच्या कॉम्प्रेसरसारखी मोटर जास्त प्रवाह ओढते आणि एमसीबी पडू शकतो. पण मग वायरही तेवढीच तापत असते ना! आधी टर्मिनलचे स्क्रू तपासा, कारण सैल जोडामुळेही एमसीबी तापून पडतो. जड उपकरणाला डीबीपासून, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीपासून, वेगळी, जाड वायर ओढा. तसं केलं तर मोठा एमसीबी बसवायला माझी हरकत नाही. आधी वायर, मग एमसीबी. उलट कधीच नाही.

मुलाम्याच्या वायरचं तेच. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे 61 टक्के, त्यामुळे त्याच जाडीच्या वायरमधून तितका प्रवाह सोडता येत नाही. ॲल्युमिनियम वाईट नाही, उंचावरच्या वाहिन्या त्याच्याच असतात, पण तिथे जाडी आणि जोड त्या हिशोबानेच धरलेले असतात. तांब्यासाठी बनवलेल्या टर्मिनलमध्ये ते दाबाखाली पसरतं, जोड सैल होतो आणि तापतो. ही वायर तांब्याची म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे. गुंडाळी हातात घेतली तरी कळतं, तांबं ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड असतं.

आता मागणीचं. ती वाढतेय, यात वाद नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकड्यांनुसार 2024 मध्ये जगाचा वीजवापर 4.3 टक्क्यांनी वाढला. पण त्याच संस्थेच्या 2025 च्या अहवालात डेटा सेंटरचा वाटा जगाच्या वीजवापराच्या सुमारे 1.5 टक्के दिलाय, आणि 2030 पर्यंतच्या वाढीतला त्यांचा वाटा दहाव्या हिश्शाच्या आसपास. कारखान्यातल्या मोटरी, एसी आणि विजेवरच्या गाड्या, यांतला प्रत्येक वाटा त्याहून मोठा. जिथे डेटा सेंटर दाटीने उभी राहतात तिथल्या जाळ्यावर ताण येतो, हे कबूल. "सगळी वीज" मात्र खोटं.

ट्रान्सफॉर्मरचा तुटवडाही खरा आहे. याच संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे मोठ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरसाठी आता चार वर्षांपर्यंत थांबावं लागतं, आणि 2019 पासून त्यांच्या किमती साधारण 75 टक्क्यांनी चढल्या. पण त्यासाठी कारस्थान कशाला शोधायचं? हा माल तयार मिळत नाही. प्रत्येक नग ऑर्डरप्रमाणे बनतो, गुंडाळीचं बरंचसं काम हातानं होतं, गाभ्याला लागणारं सीआरजीओ नावाचं खास पोलाद जगात मोजकेच कारखाने बनवतात. वर्षानुवर्षं मागणी थंड होती, तेव्हा कोणी नवे कारखाने उभारले नाहीत.

पॉवर सेव्हरवर दोनच ओळी. आत एक कपॅसिटर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवणारा भाग, असतो. पॉवर फॅक्टरवर, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती प्रत्यक्ष कामी येते त्या मापावर, दंड भरणाऱ्या कारखान्याला कपॅसिटर बँकेचा फायदा होतो, पण घरचं बिल किलोवॅट-तासावर येतं, ते या डबीने उतरत नाही.

भावाला उत्तर लिहिलं ते असं: ट्रान्सफॉर्मरची रांग बघून एमसीबी आणि स्विच भरू नकोस, ते यंत्रावर लाखांनी निघतात. तांब्याचा भाव रोज हलतो, उसनवारी करून वायर साठवू नकोस. आणि 32 चा एमसीबी मागणाऱ्याला आधी विचार, वायर कितीची आहे. सांगता आलं नाही तर देऊ नकोस, वायरमनला घेऊन ये म्हणावं.