बाई, मुद्दे नंतर काढले तर चालतील का?

माझ्या चौथीच्या वर्गात ४१ पोरं आहेत. त्यातली निम्मी सोलापूरच्या पूर्वभागातली, घरी तेलुगू बोलणारी, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी दखनी, आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांची मिळून एकच भाषा, ती म्हणजे 'काय बे'. ह्या पोरांना मराठीत आठ-दहा ओळींचा निबंध लिहायला शिकवायचं काम माझ्याकडं आहे. पगार त्याचाच मिळतो त्यामुळं तक्रार करायला तोंड नाही, पण करते.

आधी कसं सोपं होतं, मी फळ्यावर निबंध लिहायची, पोरं उतरवून घ्यायची, ४१ वह्यांत एकच गाय. एकदा घाईत माझ्याकडून 'दोन पाय व चार शिंगे' असं लिहिलं गेलं, तर ४१ च्या ४१ गायी दोन पायांवर उभ्या, डोक्यावर चार शिंगं घेऊन. एकाही पोरानं हात वर केला नाही. दोघांच्या घरी गाय आहे!

मग एका प्रशिक्षणात सांगितलं की असं नाही करायचं, पोरांनी आधी मुद्दे काढायचे, मग कच्चं लिहायचं, मग आपलं आपण तपासायचं आणि मग पक्कं. ऐकायला लई भारी वाटलं, चहा-पोहे पण चांगले होते.

दुसऱ्या दिवशी लगेच सुरुवात. मधे गोल काढा, त्यात विषय लिहा, गोलातून रेषा काढून टोकाला एकेक मुद्दा लिहा, आणि ह्याला म्हणायचं कोळ्याचं जाळं. हे शेवटचं बोलायला नको होतं. पुढची पस्तीस मिनिटं वर्गात नुसते कोळी निघाले. एकीनं कोळ्याला चष्मा लावला. पाय आठ का सहा ह्यावरून मागच्या दोन बाकांत जुंपली, ती सोडवताना परिसर अभ्यासाचा तास पण तिथंच उरकला. मुद्दे किती निघाले बघितलं तर एकाच्या वहीत एक मुद्दा होता. 'कोळी'.

म्हणलं विषय ओळखीचा देऊ. जानेवारी होता, संक्रांत नुकतीच झालेली, पोरांच्या अंगातून गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, अजून उतरला नव्हता. विषय दिला 'गड्डा यात्रा', आणि आधी नुसतं बोला म्हणलं. एक जण उठला आणि जे सांगायला लागला, सातही नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच जड काठ्या, कसे निघतात, पांढरी बाराबंदी घातलेल्या मामाचे हात कसे थरथरायलेत, ६८ शिवलिंगांची फेरी करून मामा घरी आला तर बूट काढायचं सोडून तसाच झोपला (मामा अनवाणी होता म्हणे, मग बूट कुठले, पण मी मधे बोलले नाही), अक्षतांच्या गर्दीत आजीची एकच चप्पल कशी हरवली आणि आजी दुसरी चप्पल हातात घेऊन घरापर्यंत कशी आली, आणि होम मैदानावर पाळणा वर गेल्यावर बारक्या भावानं खालच्या माणसाच्या टोपीवर सगळा भडंग कसा ओकला. वर्ग हसून हसून बाकाखाली. शेजारच्या वर्गाच्या बाई बघून गेल्या.

मी खूश. म्हणलं हेच, अगदी हेच लिही.

त्यानं लिहिलं: 'गड्डा ही सोलापूरची यात्रा आहे. ती जानेवारी महिन्यात असते. मला गड्डा खूप आवडतो. आपण सर्वांनी गड्ड्याचे रक्षण केले पाहिजे.'

'अरे भडंग कुठं गेला?'

'बाई, तसलं लिहायचं नसतंय की.'

कोण म्हणलं तसं? कोणीच म्हणलं नव्हतं. मला माझी चार शिंगांची गाय आठवली आणि मी गप बसले.

तपासणीची तर वेगळीच गंमत. फळ्यावर चौकटी करून दिल्या, वाक्य संपलं का, पूर्णविराम दिला का, वेलांट्या बघितल्या का, एकदा मोठ्यानं वाचलं का, आणि पुढं बरोबरची खूण करायची. एका पोरीनं निबंध लिहायच्या आधीच चारी खुणा करून ठेवल्या, परत विसरायला नको म्हणून. एकाच्या वहीत अख्ख्या निबंधात एक पूर्णविराम नाही आणि शेवटी ओळीनं दहा. विचारलं तर म्हणे, 'दहा वाक्यं होती बाई, मोजून दिलेत.' हिशोब चोख होता, काय बोलणार. मग म्हणलं वह्या बदला, एकमेकांचं तपासा. तर लाल पेन हातात आल्या आल्या पोरांचे जल्लाद झाले, 'अक्षर घाण', 'परत लिही', आणि एकीनं तर मैत्रिणीला सरळ 'पालकांना घेऊन ये'.

आणि लिंग! चादर ती, टॉवेल तो, सूत ते, तिन्ही एकाच मागावरचे, एका पोराच्या आजोबांच्या हातातले. तो पोरगा विचारतो, कुणी ठरवलं? मला पण माहीत नाही रे बाबा, पाठ कर.

परवा 'माझा आवडता दिवस' दिला. ४० वह्यांत दिवाळी आणि वाढदिवस. शेवटच्या बाकावरच्या एकानं मात्र हे दिलं, वेलांट्या त्याच्याच ठेवते:

'आमच्यात चार पाच दिवसानं पाणि येतं. रात्री दोनला येतं. आई मला लात मारून उठवते. मी मोटर चालू करतो आणी पाइप धरतो. शेजारची काकू आणी आई पाइपवरून भांडतात. पाणि गेलं की दोघी चहा पितात आणी मला पण देतात. त्या दिवशी शाळेत झोपलं तरी आई काही म्हणत नाही म्हणून मला पाणि येतो तो दिवस आवडतो.'

मी ते दोनदा वाचलं. म्हणजे माझ्या तासाला डुलक्या कधी आणि का, ते पण कळलं. मग सवयीनं लाल पेन काढला. 'पाणी' दीर्घ, 'आणि' ऱ्हस्व, पठ्ठ्यानं बरोबर उलटं केलेलं. म्हणलं शेवटचं अक्षर दीर्घ असतं, 'आणि'सारखे थोडे अपवाद. 'का?' म्हणलं १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम झाले तेव्हाच तसं ठरलंय. तो जरा विचार करून म्हणाला, 'त्यांच्यात पाणी रोज येत असंल बाई.'

वरच्या कोपऱ्यात त्याचं कोळ्याचं जाळं होतं, पाइप, मोटर, काकू, चहा, सगळे मुद्दे जागच्या जागी. पण शाई ओली होती. बोट लावलं तर काकू पुसली गेली.

'हे आत्ता काढलंस?'

'हो बाई.'

'मुद्दे आधी काढायचे असतात ना?'

'आधी लिहिल्याबिगर काय काय लिहिलंय ते कसं कळणार?'

ह्याच्यावर प्रशिक्षणात काही सांगितलं नव्हतं, त्यामुळं मी त्याला सगळ्यांच्या वह्या गोळा करायला पाठवलं. मलाही घाई होती, दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षक येणार होते आणि माझी टाचणाची वही अकरा दिवस मागं. टाचण म्हणजे उद्या काय शिकवणार, उद्देश काय, साहित्य काय, हे आदल्या दिवशी लिहून ठेवायचं असतं. मी डबा बाजूला सारून मान खाली घालून भराभर लिहीत बसले, तेवढ्यात हा ४१ वह्यांचा ढीग घेऊन टेबलाशी. उभा राहिला. मान वाकडी करून वाचलं.

'बाई, हा पाठ तर मागच्या सोमवारीच झाला की.'

म्हणलं, वह्या ठेव आणि पळ.

पळाला. दारातून परत वळून, चांगल्या बारीक आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून:

'शाई वाळू द्या बाई, नायतर सापडाल.'